सातबाऱ्याखालचं तळं

पाणी कुणाच्या बापाचं? ज्याच्या बापाची जमीन, त्याच्या बापाचं.

हे मी म्हणत नाही. कायदा म्हणतो. १८८२ साली इंग्रजानं सुविधाधिकाराचा कायदा केला. त्याच्या सातव्या कलमात उदाहरण देऊन सांगितलंय की, जमिनीखालचं जे पाणी ठरलेल्या प्रवाहातनं वाहत नाही, ते सगळं आपल्या हद्दीत गोळा करायचा आणि त्याची वाट्टेल ती विल्हेवाट लावायचा हक्क जमीनमालकाचा. इंग्रज गेला, सातवं कलम राहिलं. बाकी इंग्रजांच्या नावानं बोटं मोडणारे आपले बागायतदार ह्या एका कलमाबद्दल कधी ब्र काढत नाहीत. का काढावा? गोऱ्या साहेबानं फुकटात पाताळ बक्षीस दिलंय.

हा न्याय जन्मला कसा, तेही ऐका. १८४३ साली इंग्लंडात एका सूतगिरणीवाल्याची विहीर आटली, कारण शेजारच्यानं कोळशाची खाण खोदली. गिरणीवाला कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, शेजाऱ्यानं स्वतःच्या जमिनीत खोदलं, तुझं पाणी गेलं तर गेलं, दाद नाही. तिथं निदान दोन भांडवलदार भांडत होते. एकाची गिरणी, दुसऱ्याची खाण. हरला तो काय उपाशी मरणार नव्हता. तोच न्याय जहाजात घालून इथं आणला आणि आपल्या गावात पेरला. इथं एका बाजूला साडेसात हॉर्सपॉवरचा पंप आणि दुसऱ्या बाजूला माझ्या आईची घागर. दोघंही कायद्यापुढं समान, बरं का.

दोस्तहो, महाडचा विषय आपल्याकडं दरवर्षी निघतो. वीस मार्चला गाड्या भरून जातात, भाषणं होतात, निळे फेटे बांधले जातात. पण महाडच्या कोर्टातला मुद्दा कुणी सांगत नाही. १९२३ साली बोल्यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचं कागदावर मान्य केलं, १९२७ साली बाबासाहेबांनी हजारो माणसं घेऊन त्या कागदाला पाणी पाजलं. मग सवर्णांनी काय केलं? काठ्या चालवल्या, गोमूत्र ओतलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच डिसेंबरात ते कोर्टात गेले आणि म्हणाले की, हे तळं सार्वजनिक नाहीच, आमच्या खाजगी मालकीचं आहे. धर्म, शास्त्र, विटाळ हे बाहेर बोलायला. कोर्टात बोलायला मालकी! त्यांना तेव्हाच ठाऊक होतं की धर्म कधी ना कधी हरेल, पण मालकी हरत नाही. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं त्यांना हरवलं. दहा वर्षं लागली. तळं आपलं झालं.

आणि मग पाणीच तळ्यातनं उठून गेलं.

मी महाडच्या चवदार तळ्याबद्दल बोलत नाही, ते भरलेलं आहे. मी गावोगावच्या तळ्यांबद्दल, आडांबद्दल, बारवांबद्दल बोलतोय. संविधान आलं. पंधराव्या कलमात लिहिलं गेलं की, सरकारी पैशानं राखलेल्या किंवा सर्व लोकांसाठी ठेवलेल्या विहिरी, तळी, पाणवठे इथं जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. शब्द नीट वाचा. सरकारी पैशानं राखलेल्या. सर्व लोकांसाठी ठेवलेल्या. म्हणजे गावच्या आडावर आमचा हक्क पक्का झाला. गावचा आड तेव्हा चाळीस-पन्नास फूट होता. मग गावात बोअरची गाडी शिरली. तमिळनाडूच्या पाटीची, तिरुचेंगोडकडची, धडधड करत रात्रभर चालणारी. तिनं दोनशे फूट मारले, मग चारशे, मग सहाशे. लातूरकडं आठशे-हजार फुटांच्या गोष्टी लोक सहज सांगतात, जशा पूर्वी कुस्तीच्या सांगायचे. हे सगळं खाजगी जमिनीत. पंधरावं कलम तिथं पोचत नाही. आड उघडा झाला तेव्हा आडात पाणी होतं. आडावर पोहरा टाकायला आता कुणी अडवत नाही, कारण आडात बेडूकसुद्धा राहिला नाही. कुठं कुठं अजून अडवतात, तेही मला ठाऊक आहे. पण अडवायची गरजच संपवून टाकण्याची ही युक्ती मनूला सुचली नव्हती.

हे होतं कसं, ते जरा समजून घेतलं पाहिजे. नाहीतर साहेब लोक नकाशे दाखवून आपल्याला गप्प बसवतात. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन काळ्या कातळावर बसलेली आहे. ह्या कातळात पाणी तळ्यासारखं साचत नाही. वरच्या मुरमात आणि कुजलेल्या दगडात थोडं मुरतं, खाली भेगांमधनं झिरपतं. पावसाळ्यात जेवढं मुरलं तेवढंच वर्षभराचं. आपली विहीर ह्या वरच्या थरावर जगते. शेजारी बोअर पडली, केसिंग वरच्या दहा-वीस फुटांपुरतं घातलं, की वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातनं खाली उतरतं आणि सबमर्सिबल ते उचलते. म्हणजे माझ्या विहिरीतलं पाणी त्याच्या बोअरीतनं निघतं, त्याच्या उसाला जातं, आणि कायदा म्हणतो त्यानं स्वतःच्या हद्दीत काढलं. चोरी नाही. चोर शेजारच्या घरात शिरलाच नाही ना, त्यानं भिंतीला भोक पाडून धान्य आपल्या कणगीत वाहू दिलं.

आता हापसा. वस्तीवस्तीत इंडिया मार्क टू हापसा आहे. त्याच्या आधीचे जालना पंप, सोलापूर पंप आपल्याच मुलुखात मिशनच्या लोकांनी घडवले. फार चांगलं यंत्र. बाई, पोर, म्हातारं, कुणीही हापसावं. पण त्याचा हात पंचेचाळीस मीटरपर्यंतच पोचतो. दीडशे फूट. दीडशे फुटांखाली पाणी गेलं की हापसा नुसता दात विचकतो. सरकारनं आम्हाला दीडशे फुटांचं पाणी दिलं आणि बाजारानं त्यांना सहाशे फुटांचं. अस्पृश्यता आता फुटांत मोजायची!

आमच्या वस्तीचा हापसा असाच गेला. हापशापासून हाकेच्या अंतरावर, एका बागायतदाराच्या बांधाला, एका उन्हाळ्यात दोन बोअर पडल्या. पंधरा दिवसांत हापसा सुकला. बाया कचेरीत गेल्या. तिथला माणूस म्हणाला, तक्रार लेखी द्या. लेखी दिली. मग म्हणाला, बोअर कुणाची ते गटनंबरासकट द्या. गटनंबर काढून दिला. मग म्हणाला, बोअर आधीची की हापसा आधीचा ते सिद्ध करा. हापशाच्या ओट्यावर सिमेंट ओलं असताना कुणीतरी सन कोरला होता म्हणून तेही झालं. मग म्हणाला, तुमच्यासाठी टँकरचा प्रस्ताव पाठवतो. टँकर आला. कुणाच्या बोअरीतनं भरून? सांगायला नको. त्याच बोअरीतनं. अधिग्रहण झालं म्हणून त्या बागायतदाराला सरकारकडनं त्याचे पैसे मिळाले. आमचंच पाणी आम्हाला पाजल्याचे पैसे. बाया आजही तो किस्सा सांगून हसतात. मला हसू येत नाही.

आणि कायदा नव्हता असं नाही. १९९३ सालीच महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्यासाठी भूजल नियमनाचा कायदा झाला. सार्वजनिक पाणवठ्यापासून, त्याच पाणलोटात, पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही. टंचाई जाहीर झाली की पाणवठ्याच्या एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींचा उपसा थांबवायचा अधिकार कलेक्टरला. कागद वाचला की छाती फुगते. मग २००९ चा कायदा. त्यात विहिरींची नोंदणी, साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा, अधिसूचित क्षेत्रात पाण्याच्या हिशेबानं पीक-आराखडा, वर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. २००९ चा कायदा अंमलात आला १ जून २०१४ ला. त्याच्या नियमांचा मसुदा लोकांपुढं आला जुलै २०१८ मध्ये. पाच वर्षं कायदा थांबला, चार वर्षं नियम थांबले, बोअरची गाडी एक रात्र थांबली नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहायला तलाठ्याला दोन मिनिटं लागतात. शिवारात किती बोअर आहेत ते मोजायला मात्र शासनाला हात नाहीत.

तेव्हा आमचे पुरोगामी मित्र म्हणतात, चला, कडक नियमन मागू या. नवी बोअर बंद! मी म्हणतो, जरा दमानं.

नवी बोअर बंद म्हणजे कुणाची बंद? जुनी कुणाची आहे ते आधी बघा. साठ-सत्तरच्या दशकात विहिरींना भूविकास बँकेनं कर्जं दिली ती सातबारा गहाण घेऊन. आमच्याकडं काय होतं? वतनाचा तुकडा. महारकी १९५८ च्या कायद्यानं गेली, जमीन पुन्हा नावावर झाली ती नव्या अविभाज्य शर्तीवर, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि असल्या जमिनीपुढं बँक नाक मुरडते. ज्यांना तेवढंही नव्हतं त्यांनी गायरान कसलं. १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं जाऊन माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यातल्या कितीकांच्या नातवांच्या हातात अजून सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून वीजजोडणी नाही, जोडणी नाही म्हणून विहीर नाही. अशा माणसानं आज कुठं पै पै जमवून बोअर घ्यायची ठरवली, की नियम उभा: क्षेत्र अतिशोषित, परवानगी नाही. शोषण केलं कुणी? ज्याच्या चार बोअर आहेत त्यानं. शिक्षा कुणाला? ज्याची एकही नाही त्याला. आणि नोंदणी झाली की त्या चार बोअर सरकारदरबारी कायमच्या पावन. हे नियमन नाही, हा चोरीच्या मालाचा पंचनामा चोराच्या नावावर करणं आहे.

म्हणून मला नियमन नको असं कुणी समजू नये. ते म्हणणारे वेगळे आहेत, ते उसाच्या फडातनं बोलतात. शेतकऱ्याला वाचवा, छोट्या शेतकऱ्याच्या मानेवर सुरी ठेवू नका, असं ते ओरडतात तेव्हा छोट्या शेतकऱ्याच्या मागं कारखान्याचा चेअरमन वाकून बसलेला असतो. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानं लिहून ठेवलंय की, महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं सत्तरेक टक्के पाणी पितो. देशात भूजलाचा जो उपसा होतो त्यातला सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास शेतीला जातो. पिण्याला, घराला आणि कारखान्यांना मिळून उरलेला. मग टंचाई आली की भिंतीवर घोषणा कुणासाठी रंगवतात? 'पाणी जपून वापरा.' बाई दोन हंड्यांत घर चालवते, तिनं आणखी काय जपायचं?

२०१६ चा एप्रिल आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. फुलं, हार, फोटो. त्याआधी मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती १४४ कलम लावलं होतं. पाच माणसांनी पाण्याजवळ जमायचं नाही. तळ्याकडं जमावानं जायचं नाही, हे वाक्य आपण कुठं ऐकलं होतं? आणि त्याच हंगामात मराठवाड्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. उसावर १४४ लागलं नाही.

विजेचं बघा. २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षं वीज मोफत. चव्वेचाळीस लाख पंप. कोरडवाहूतल्या गरीब कुणब्याचं बिल माफ झालं तर माझं पोट दुखत नाही, त्याला ते मिळालंच पाहिजे. पण पंप चालवायचा खर्च शून्य झाला की बटण बंद कोण करणार? आणि ज्याला पंपच नाही, त्या शेतमजुराच्या झोपडीतल्या एका बल्बचं बिल थकलं की वायरमन शिडी घेऊन दारात. पाणी उपसणाऱ्याला वीज फुकट, पाणी वाहणारीला काही नाही. तिच्या मानेची हॉर्सपॉवर कुठल्या मीटरवर धरायची?

खोल जाईल तसं पाणी बरं राहतं असंही नाही. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरकडं फ्लोराइडनं दात पिवळे पडलेली, हाडं वाकलेली माणसं आहेत. २०१९ पासून जलजीवनचे नळ आले. नळ चकचकीत आहे. नळाच्या मागची विहीर मे महिन्यात दम तोडते, कारण तिच्या चारी बाजूंनी बोअर आहेत. तोटी फिरवली की फुस्स.

तर मग काय पाहिजे? मी सरळ लिहितो. पाणी जमिनीपासून तोडा. सातबाऱ्याखालचं पाणी सातबारावाल्याचं, हे १८८२ चं वाक्य खोडा. केरळात प्लाचीमाडाला आदिवासी बायांनी कोकाकोलाच्या कारखान्यापुढं २००२ पासून ठाण मांडलं, मयिलम्मा त्यांच्यात पुढं होती. डिसेंबर २००३ मध्ये तिथल्या हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तीनं म्हटलं की, भूजल ही लोकांची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, मालकाला बेसुमार उपसता येणार नाही. २००५ मध्ये त्याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी ते फिरवलं आणि कंपनीला उपशाची मुभा दिली. पण कारखाना २००४ पासून बंद होता तो बंदच राहिला, आणि २०१७ साली कंपनीनंच सुप्रीम कोर्टात सांगितलं की तो पुन्हा चालवायचा नाही. कोर्टाच्या निकालानं जे दिलं नाही ते बायांच्या बैठकीनं घेतलं.

आपल्याकडंही उदाहरण आहे, आणि ते कुठल्या क्रांतिकारकाचं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, माणशी वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. भूमिहीनाला! ज्याच्याकडं भिजवायला वावर नाही त्याच्याकडं पाण्याचा हक्क! मला ही ओळ पहिल्यांदा कळली तेव्हा वाटलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नाही? कारण सोपं आहे. भूमिहीनाला पाण्याचा वाटा मिळाला तर तो मजुरीला येताना मान खाली घालून येणार नाही. तो म्हणेल, माझा वाटा तुझ्या वावराला घे, पण भाव माझा.

बाबासाहेबांनी १९४७ साली संविधानसभेसाठी मसुदा लिहून दिला होता. शेतजमीन सरकारच्या मालकीची, शेती हा सरकारी उद्योग, गावकऱ्यांनी जातभेद न धरता ती सामुदायिक कसायची. ते मान्य झालं असतं तर जमिनीखालच्या पाण्याचा हा वाद उरलाच नसता. १९४२ ते ४६ व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडं होती, नद्यांच्या खोऱ्यांचा हिशेब त्यांनी मांडला. आमच्या पुढाऱ्यांनी त्यांच्या हातातलं पुस्तक तेवढं पुतळ्यात घेतलं, पुस्तकातलं काही घेतलं नाही. पुतळ्याशेजारी पाण्याची टाकी बांधतात, उद्घाटनाला येतात, टाकीत पाणी कुठनं येणार हे विचारलं की साहेबांना पुढच्या गावाला उशीर होतो.

गावात राहणाऱ्या पोरांना सांगायचंय. शहरातनं कविता पाठवता त्या आम्ही छापू, त्याबरोबर हेही करा. आपल्या हापशापासून, नळाच्या विहिरीपासून पाचशे मीटरचा दोर घेऊन फिरा. वर्तुळात किती बोअर, कुणाच्या, किती फूट, कुठलं पीक, किती तास मोटर चालते, ते वहीत लिहा. शेततळी बघा. पावसाचं पाणी साठवायला म्हणून अनुदान घेतलं आणि प्लॅस्टिक अंथरून बोअरीच्या पाण्यानं भरली, अशी किती आहेत तेही लिहा. उन्हात बोअरीचं पाणी हवेत उडवायचं अनुदान जगात दुसरीकडं कुणाला मिळत असेल असं वाटत नाही. बायांना बरोबर घ्या, त्यांना कुठली मोटर कधी सुरू होते ते पाठ असतं, हापसा त्याच वेळी जड होतो.

मग ग्रामसभेत ठराव मांडा. पिण्याचं पाणी पुरेपर्यंत वर्तुळातल्या बोअरींना मे संपेपर्यंत कुलूप, आणि अधिग्रहणाचे पैसे नाहीत. ज्याच्या एकापेक्षा जास्त बोअर आहेत त्याच्यापासून सुरुवात. ज्याची एकही नाही त्याच्या पहिल्या विहिरीला परवानगी. माणशी वाटा, भूमिहीनाचं नाव यादीत पहिलं. ग्रामसेवक म्हणेल विषयपत्रिकेत नाही, म्हणून सात दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या. सरपंच म्हणेल गावात भांडण नको. त्याला सांगा, भांडण जमिनीखाली तीस वर्षं चालू आहे, आम्ही फक्त वर आणतोय. ठराव घेतला नाही तर पोच, वही आणि सगळ्यांचे अंगठे-सह्या घेऊन थेट कलेक्टरकडं. अर्जात १९९३ चं पाचशे मीटरचं अंतर लिहा, २००९ च्या कायद्यातली पिण्याच्या पाण्याच्या रक्षणाची तरतूद लिहा, आणि खाली आपली मोजणी जोडा. एक प्रत आमच्याकडं पाठवा. पुढचा अंक त्या वह्यांचाच काढायचा आहे, कविता चार पानं कमी घेऊ.